आजोबांना साक्षीला बोलवा

मेल्यावर माणसाचं काय होतं, या प्रश्नाची निदान पाच उत्तरं ठाण्यात टेंभी नाक्याच्या आसपास पायी फिरून गोळा करता येतात, तीही एका सकाळी. नाक्यावरचं जैन मंदिर मुनिसुव्रतस्वामींचं, म्हणजे विसाव्या तीर्थंकरांचं. तिथलं उत्तर असं की जीव आपलं कर्म बरोबर घेऊन दुसऱ्या देहात जातो. तो देह देवाचा, नारकीचा, माणसाचा किंवा मुंगीचाही असू शकतो. जवळच बेने इस्रायली मंडळींचं १८७९ साली बांधलेलं सिनेगॉग आहे, नाव ‘शआर हाशामाईम’, स्वर्गाचं दार. मराठी बोलणाऱ्या या ज्यूंच्या घरी शुभकार्याला पोहे, खोबरं आणि फळं घालून एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलियाहू प्रेषिताच्या, नावानं मलिदा होतो, आणि या एलियाहूची ख्यातीच अशी की तो मेला नाही, जिवंतपणी अग्निरथातून वर गेला. परिसरातल्या अग्यारीत जाणारे पारशी सांगतील, आत्मा तीन रात्री इथेच घुटमळतो आणि चौथ्या पहाटे चिन्वत पुलाशी पोचतो. तलावपाळीकडे सेंट जॉन बॅप्टिस्ट चर्चमध्ये शेवटच्या दिवशी देहासकट उठण्याची ग्वाही मिळते. कौपिनेश्वराच्या देवळातून बाहेर पडणाऱ्याला गाठलंत तर त्या एकाकडूनच तीन-चार उत्तरं मिळतील: पुनर्जन्म आहे, मोक्षही आहे, कैलासही आहे, शिवाय भाद्रपदात पितर जेवायला घरी येतात ते वेगळंच.

सरकारचं म्हणणं तेवढं आटोपशीर. १९६९ च्या कायद्यानुसार मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची. पुढच्या मुक्कामाचा रकाना त्या अर्जात नाही.

ही उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत. फार तर एक खरं असेल, कदाचित एकही नसेल. मग पुरावा कुणी आणायचा? सांगणाऱ्यानं, की नाकारणाऱ्यानं? या प्रश्नावर रोज डोकं चालवणारी जागाही लांब नाही. टेंभी नाक्यावरून चार पावलं पुढे गेलं की कोर्ट नाका लागतो, आणि काळ्या कोटांची वर्दळ सुरू होते.

जो म्हणतो त्यानं सिद्ध करावं, असं आपण ढोबळपणे धरून चालतो. कायदा याहून नेमका आहे. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी घडवलेल्या १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम १०१ (१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते १०४ झालं) सांगतं की आपण मांडलेल्या वस्तुस्थितीच्या जोरावर ज्याला कोर्टाकडून एखाद्या हक्काचा किंवा देण्याचा निवाडा हवा आहे, त्यानंच ती वस्तुस्थिती शाबीत करायची. म्हणजे जबाबदारी नुसत्या बोलणाऱ्यावर नाही, काही मागणाऱ्यावर आहे. माझ्या मते परलोकाच्या सगळ्या वादाची किल्ली या फरकात आहे.

त्याच कायद्याचं आणखी एक कलम वाचताना मला दर वेळी नवल वाटतं. जुनं १०८, आताचं १११. एखादा माणूस जिवंत असता तर ज्यांना त्याची खबरबात सहजच लागली असती, अशा माणसांना सात वर्षं त्याच्याबद्दल काहीच कळलं नाही, तर तो जिवंत आहे हे शाबीत करण्याची जबाबदारी ‘जिवंत आहे’ म्हणणाऱ्यावर जाऊन पडते. घर सोडून गेलेल्या माणसाच्या बायकोला विम्याचे पैसे मिळतात, जमिनीचे वारस लागतात, ते या कलमाच्या आधारावर. मौनालाही पुरावा मानायचं, पण कुणाचं मौन? ज्यानं बोलायला हवं होतं त्याचं.

हाच युक्तिवाद भारतात एका राजानं फार पूर्वी केला आहे. जैन आगमांमध्ये ‘रायपसेणिय’ नावाचा ग्रंथ आहे, संस्कृतात ‘राजप्रश्नीय’. त्यातला राजा पएसी, म्हणजे प्रदेशी, पक्का नास्तिक. जीव आणि शरीर एकच, शरीर संपलं की सगळं संपलं, असं तो मानतो. त्याचा सारथी चित्त घोड्यांची परीक्षा घेण्याच्या निमित्तानं त्याला रथातून बाहेर काढतो आणि पार्श्वनाथांच्या परंपरेतल्या केशी नावाच्या श्रमणासमोर नेऊन उभा करतो. मग जी जुगलबंदी होते तिला तोड नाही.

राजा म्हणतो, माझे आजोबा महापापी होते. तुमच्या हिशेबानं ते नरकात असणार. त्यांचा माझ्यावर भारी जीव. मग ‘बाळा, माझ्यासारखं वागू नकोस’ एवढं सांगायला ते एकदाही का आले नाहीत? हे थेट कलम १०८ आहे: ज्याच्याकडून निरोप यायलाच हवा होता त्याच्याकडून तो आला नाही. केशी उलट विचारतो, तुझ्या राणीबरोबर कुणी सापडला आणि तू त्याला पकडलंस, तर ‘नातेवाइकांना सावध करून येतो’ म्हणून त्याला सोडशील का? नाही ना? मग नरकातून तरी कोण सोडणार? बरं, राजा म्हणतो, आजी तर पुण्यवान होती, ती स्वर्गातून का येत नाही? केशी म्हणतो, तू आंघोळ करून देवळाला निघाला आहेस आणि कुणी शौचकूपात बसायला बोलावलं, तर जाशील? देवांना माणसांच्या जगाचा वास असाच वाटतो.

इथवर शब्दाला शब्द. पण प्रदेशी नुसता वाद घालणारा नाही, त्यानं प्रयोग केलेले आहेत. प्रयोग भयंकर आहेत, हे आधी सांगायला हवं. मरणारे सगळे चोर आणि मारणारा राजा. एका जिवंत चोराला त्यानं लोखंडी भांड्यात घालून झाकण बंद केलं, सांधे लिंपून घेतले. काही दिवसांनी उघडलं तर चोर मेलेला, आणि भांड्याला कुठेही भोक नाही. मग जीव गेला कुठून? केशी म्हणतो, दारं-खिडक्या घट्ट बंद करून आत नगारा वाजवला तर आवाज बाहेर येतोच ना? दुसऱ्या भांड्यातल्या मढ्यात किडे पडलेले दिसले. भांडं बंद, मग किड्यांचे जीव शिरले कुठून? केशी म्हणतो, लोखंड तापवलं की आग त्यात कुठून शिरते? तिसऱ्या प्रयोगात राजानं चोराला जिवंतपणी तोललं, मग मारलं आणि पुन्हा तोललं. वजन जितक्यास तितकं. केशी विचारतो, मशक रिकामी तोलली काय आणि हवा भरून तोलली काय, वजनात फरक पडतो का?

या मशकेपाशी जरा थांबायला हवं. हवेला वजन असतं. लिटरभर हवा साधारण सव्वा ग्रॅम भरते. तरीही केशीचं निरीक्षण बरोबर आहे. सैल फुगवलेली मशक जेवढी हवा आत घेते, जवळपास तेवढीच बाहेरची हवा ती बाजूला सारते, आणि ती बाहेरची हवा तिला तेवढ्याच जोरानं वर उचलते. तराजूला फरक कळतच नाही. हवा कोंबून दाबली तरच पारडं झुकेल, आणि तसं करून हवेचं वजन मोजायला युरोपात सतरावं शतक उजाडावं लागलं. म्हणजे तराजू खोटं बोलला नव्हता, पण त्याच्या साक्षीतून काढलेला निष्कर्ष चुकला होता. कोर्टातही असं अधूनमधून होतं म्हणतात.

हीच गोष्ट बौद्धांच्या दीघनिकायातही आहे. तिथे राजा पायासी आणि समोर कुमार कस्सप. पण तिथला तराजू वेगळं बोलतो: मेलेला माणूस जिवंतापेक्षा जड भरतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत हेवरहिल गावच्या डंकन मॅकडूगल या डॉक्टरनं सहा मरणासन्न रुग्णांना खाटेसकट काट्यावर ठेवलं. त्यातल्या एकाचं वजन मरताक्षणी सुमारे २१ ग्रॅमनं घटल्याचं त्यानं १९०७ साली जाहीर केलं, आणि तो एक आकडा आजतागायत जगभर फिरतो आहे. बाकीच्या पाच जणांचे आकडे एकमेकांशी जुळले नाहीत, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. एकाच प्रयोगाचे असे तीन निकाल: तेवढंच, जास्त आणि कमी. आत्म्याबद्दल यातून काय कळलं ते सांगता येत नाही. मरणाऱ्या माणसाला अचूक तोलणं किती अवघड, एवढं कळलं.

रायपसेणियात शेवटी प्रदेशी हरतो, श्रावक होतो, पुढे त्याची राणी त्याला विष देते आणि तो सूर्याभ नावाचा देव होऊन जन्मतो. आणि ग्रंथाची सुरुवातच मुळी अशी की हा सूर्याभ देव पृथ्वीवर उतरून महावीरांसमोर बत्तीस प्रकारची नाट्यं करून दाखवतो! आजीला माणसांचा वास सहन होत नव्हता म्हणून ती आली नाही, नातू मात्र नाटक घेऊन आला. हे कुणी केशीला विचारल्याचं ग्रंथात दिसत नाही. मी प्रदेशीच्या जागी असतो तर विचारलं असतं.

तरी या राजाचं मोठेपण मला हरण्यात दिसत नाही. अमुक दिसलं तर मी मानीन, हे तो आधी सांगतो. भोक दाखवा, वजनात फरक दाखवा, आजोबांचा निरोप दाखवा. समोरून मात्र प्रत्येक वेळी न दिसण्याचं कारण येतं. कारणं देखणी आहेत, पण भोक असतं तरी केशी जिंकला असता आणि नव्हतं तरी जिंकलाच.

आपल्याकडे दहाव्याला हेच घडतं. भाताचा पिंड मांडलेला, वर दही-तीळ, घरची माणसं दहा पावलं मागे सरकून उभी. कावळा झाडावर, मग पत्र्यावर, मग खाली, आणि पिंडापासून हातभर अंतरावर अडतो. कुजबुज सुरू होते. थोरला पुढे होऊन हात जोडतो, ‘अण्णा, धाकटीच्या लग्नाचं आम्ही बघू.’ कावळा ढिम्म. ‘गावची जागा विकणार नाही.’ कावळा शिवला, तर इच्छा तीच होती. दोन तासांत नाहीच शिवला, तर भटजी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात आणि सगळे जेवायला जातात. सात्त्विक, समजूतदार सोय आहे ही, माझी तिच्याबद्दल काही तक्रार नाही. फक्त पुरावा म्हणून ती चालत नाही, कारण नापास होण्याची वाटच तिच्यात ठेवलेली नाही. शहरातला कावळा का अडतो? अनोळखी मांडणी आणि टक लावून बघणारी माणसं त्याला आवडत नाहीत, म्हणून. वॉशिंग्टन विद्यापीठाचे जॉन मार्झलफ यांनी दाखवलं की कावळे माणसांचे चेहरे वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या केली स्विफ्ट यांनी २०१५ मध्ये आणखी नवलाची गोष्ट मांडली: मेलेला कावळा दिसला की कावळे भोवती जमतात, आणि ज्या माणसाला त्या मढ्याजवळ पाहिलं त्याला पुढे धोकादायक मानतात. आपण आपल्या मेलेल्यांबद्दल कावळ्याला विचारतो, आणि कावळे त्यांच्या मेलेल्यांबद्दल आपल्यावर संशय घेतात.

महाराष्ट्रात परलोकाच्या बाजूनं जो सगळ्यात भक्कम पुरावा पुढे आला, तो ठाण्यातला नव्हे, नागपूरचा. १९७४ साली नागपूरच्या एका मराठी कुटुंबातली, तिशी ओलांडलेली, विद्यापीठात शिकवणारी अविवाहित बाई अधूनमधून बंगाली बोलू लागली. त्या अवस्थेत ती स्वतःला शारदा म्हणवायची, बंगाली पद्धतीनं साडी नेसायची, मराठी तिला कळेनासं व्हायचं, आईवडील अनोळखी वाटायचे, विजेची उपकरणं आणि आगगाडी पाहून ती बावचळायची. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंगालमध्ये आपण राहत होतो आणि पायाच्या बोटाला साप चावला, असं ती सांगे. ही अवस्था कधी दिवसभर टिके, कधी कितीतरी दिवस, आणि अष्टमीच्या सुमारास येई. तिनं सांगितलेली पुरुषांची नावं बंगालमधल्या एका चट्टोपाध्याय घराण्याच्या वंशावळीत सापडली.

व्हर्जिनिया विद्यापीठाचे मनोविकारतज्ज्ञ इयान स्टीव्हनसन आणि भारतीय संशोधक सतवंत पसरिचा यांनी ही केस तपासली, १९८० मध्ये तिच्यावर लिहिलं. मराठी मानसशास्त्रज्ञ व. वि. अकोलकर यांनी स्वतंत्रपणे चिकाटीनं माग काढून १९९२ साली दीर्घ अहवाल छापला. स्टीव्हनसन यांचा मुद्दा सरळ होता: न शिकलेली भाषा कुणी बोलून दाखवली, तर ती दुसऱ्या कुठल्या तरी आयुष्यात शिकलेली असली पाहिजे.

पण इथे वादाची बाजू पालटते. एरवी श्रद्धावान संशयी माणसाला डिवचतो, ‘परलोक नाही हे सिद्ध करून दाखव’, आणि संशयी म्हणतो, नसल्याचा पुरावा कसा देणार? नागपुरात मात्र नसल्याचा पुरावा श्रद्धावानांनाच द्यावा लागला. या बाईनं बंगाली कधीच शिकलेलं नाही, हे आता त्यांनी शाबीत करायचं होतं. आणि तिनं शाळेच्या वयात बंगाली लिपीचे थोडे धडे घेतले होते. बंगाली कादंबऱ्या मराठी अनुवादात वाचल्या होत्या. तसंही शरदबाबू आणि रवींद्रनाथ त्या पिढीच्या मराठी घरांत पाहुण्यासारखे नव्हे, घरच्यासारखे वावरत होते. भाषाशास्त्रज्ञ सारा ग्रे थॉमसन यांनी तर स्टीव्हनसन यांचे असे पुरावे भाषेच्या कसोटीवर उतरत नाहीत असं म्हटलं. ती बाई ढोंग करत होती असं मला अजिबात वाटत नाही. तिचं मन जे करत होतं ते पुनर्जन्माइतकंच थक्क करणारं आहे: कानावरून गेलेली भाषा, वाचलेली गावं, एक अख्खी बाई, हे सगळं जुळवून उभं करायचं आणि स्वतःला त्याचा पत्ताही लागू द्यायचा नाही. ते सिद्ध झालंय असं नाही. पण दोन खुलाशांपैकी एकासाठी अख्खं नवं जग मान्य करावं लागतं आणि दुसऱ्यासाठी मनाबद्दलचं आपलं अज्ञान, तर मी दुसरा आधी तपासीन.

स्टीव्हनसन यांना ही अडचण पुरती ठाऊक होती. म्हणून त्यांनी एक कुलूप विकत घेतलं, आकडे जुळवून उघडणारं. त्याचा आकडा एका मनातल्या खुणेवर बेतला, कुणालाही सांगितला नाही. मेल्यावर शक्य झालं तर कुणाच्या तरी मार्फत तो कळवीन, म्हणाले. प्रदेशीच्या आजोबांनी जे केलं नाही ते करण्याची ही पूर्वतयारी. २००७ मध्ये ते वारले. कुलूप कुणाला उघडता आलं नाही. अशीच सरळ कसोटी डॉक्टर सॅम पार्निया यांनी हॉस्पिटलांत लावली. हृदय बंद पडलेली काही माणसं शुद्धीवर आल्यावर सांगतात की आपण छताजवळून स्वतःकडे पाहत होतो. ठीक आहे, मग छताजवळ फळ्या बसवू आणि त्यांवर फक्त वरूनच दिसतील अशी चित्रं ठेवू! अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रियातली १५ हॉस्पिटलं, हृदय बंद पडल्याच्या २,०६० घटना. त्यांतून ३३० रुग्ण वाचले, १४० जणांच्या मुलाखती झाल्या. २०१४ च्या निबंधानुसार प्रत्यक्ष ‘पाहिल्या’चं सांगणारे दोनच निघाले. आणि त्या दोघांचं हृदय फळी नसलेल्या खोलीत बंद पडलं होतं.

असं आहे म्हणून दिवा लावणाऱ्याशी, पिंड ठेवणाऱ्याशी, चौथ्या पहाटे प्रार्थना म्हणणाऱ्याशी भांडायचं का? कलम १०१ ला विचाराल तर, नाही. ते माझ्याकडे काही मागत नाहीत, त्यामुळे मला काही सिद्ध करून देणं लागत नाहीत. उलट एखाद्या विधवेला ‘श्राद्ध बंद कर’ म्हणून दटावणारा विवेकवादी काहीतरी मागतो आहे, तेव्हा जबाबदारी त्याच्याकडे जाते. आणि ‘तुझ्या आजोबांचा आत्मा अडकलाय, शांतीला एवढे हजार लागतील’ म्हणणारा तर उघडच मागतो आहे.

याच मागणाऱ्यांविरुद्ध कायदा व्हावा म्हणून नरेंद्र दाभोलकर कित्येक वर्षं झटले. देवाधर्माला विरोध नाही, शोषणाला आहे, असं ते परत परत सांगत. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला, चार दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच्या अनुसूचीतली एक नोंद पूर्वजन्माचीच आहे: आपल्यात अलौकिक शक्ती आहे, किंवा भक्त मागल्या जन्मी आपली बायको, नवरा वा प्रेमपात्र होता, असं भासवून शरीरसंबंध ठेवणं हा गुन्हा. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, शिवाय पाच ते पन्नास हजार दंड. पूर्वजन्म असतो की नसतो यावर न्यायाधीशाला एक ओळही लिहावी लागत नाही. मात्र खटला फौजदारी असल्यानं शाबितीची जबाबदारी पुन्हा फिरते आणि सरकार पक्षावर येते. बाबा तोवर निर्दोष. म्हणून तक्रार करणारीनं तारखा, दिलेले पैसे, आलेले मेसेज, बरोबर कोण होतं, हे सगळं नीट लिहून ठेवावं. मागल्या जन्मी ती कोण नव्हती, हे तिला शाबीत करावं लागत नाही.